टाके, तलाव आणि ‘टँक’

काही वर्षांपूर्वी एका परिचित गृहस्थांनी आपल्या घरातील जुन्या इंग्रजी कागदाची मराठी नक्कल आमच्याकडे तपासावयास आणून दिली. कागद मालगुजारीच्या काळातला, पवनीच्या आसपासच्या एका खेड्याचा. मूळ इंग्रजी मजकुरात त्या खेड्याच्या ‘टँक’चा उल्लेख होता, आणि नक्कल करणाऱ्याने तेथे सरळ ‘टाकी’ असा शब्द लिहिला होता. या टाकीतून धानाच्या बांध्यांना पाणी द्यावयाचे, टाकीत मासे धरावयाचे, टाकीवर गुरे न्यावयाची, असा सगळा मजकूर पुढे होता. वाचून प्रथम आम्हांला हसू आले. पण हसू ओसरल्यावर असे मनात आले की, ज्याने खेडे पाहिलेले नाही अशा एखाद्या माणसाच्या हाती उद्या हा मराठी कागद पडला, तर त्या गावात तलाव होता हे त्याला कळेल कसे? चार अक्षरांच्या चुकीने कागदावरचा तलाव नाहीसा झाला होता. त्या दिवशी या लहानशा इंग्रजी शब्दाची कुळकथा शोधावी असे वाटले. तीच आज श्रोत्यांपुढे व वाचकांपुढे ठेवीत आहोत.

‘टँक’ हा शब्द आता इंग्रजी न शिकलेल्या माणसाच्याही तोंडी आहे. परंतु या एका शब्दाच्या पोटात किती निरनिराळे अर्थ राहतात ते पाहण्यासारखे आहे. विलायतेतील मनुष्याला विचारा. त्याला आठवेल तो रणगाडा, मोटारीची पेट्रोलची टाकी, नाहीतर दिवाणखान्यातील काचेची माशांची पेटी. अमेरिकेत पूर्वी पोहण्याच्या हौदालाही टँक म्हणत. त्या हौदात उतरताना घालावयाचा तो ‘टँक सूट’, आणि त्याच्या वरच्या भागासारखा बिनबाह्यांचा सदरा तो ‘टँक टॉप’. आजकालची तरुण मुले हा सदरा घालून वैनगंगेच्या घाटावर फिरतात, पण त्या नावात पाणी आहे हे त्यांच्या गावीही नसते. अमेरिकन बोलीत कैद्यांना एकत्र कोंडण्याच्या खोलीलाही टँक म्हणतात. ‘थिंक टँक’ म्हणजे प्रथम नुसते डोके, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर राज्यकर्त्यांना सल्ला देणारी विद्वानांची संस्था. एखादा खेळाडू जाणूनबुजून सामना हरला तर त्याने सामना ‘टँक’ केला असेही म्हणतात. आणि या सर्वांहून जुना जो अर्थ, म्हणजे जमिनीवरचे तळे किंवा तलाव, तो हिंदुस्थानात व लंकेत राहिलेल्या इंग्रजालाच काय तो ठाऊक.

हा जुना अर्थ इंग्रजांना कोठून मिळाला? सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी सुरतेस उतरले. गुजरातेत घराखाली दगडी हौद खोदून त्यात पावसाचे पाणी वर्षभर साठविण्याची जुनी रीत आहे; त्या हौदाला तेथे टांकुं किंवा टांका म्हणतात. राजस्थानातही टांका आहे. आपल्या मराठीत टाके आहे. तेव्हा इंग्रजांनी हा शब्द येथेच उचलला, असे म्हणावयास भरपूर आधार आहे. पण कथा इतकी सरळ नाही. इंग्रजांच्या आधी शंभर वर्षे पोर्तुगीज येथे आले होते, आणि त्यांच्या भाषेत पाण्याच्या हौदाला ‘तांके’ असाच शब्द होता. तो त्यांनी हिंदुस्थानातून नेला असे म्हणता येत नाही. त्यांची जहाजे इकडे लागण्यापूर्वीपासून तो त्यांच्याकडे होता. हेन्री यूल आणि बर्नेल या दोघा विद्वानांनी हिंदुस्थानी वळणाच्या इंग्रजी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा एक मोठा गमतीचा कोश १८८६ साली प्रसिद्ध केला. त्यातही या शब्दापाशी येऊन ते दोघे थबकले आहेत. एकाच अर्थाचे, जवळजवळ एकाच उच्चाराचे दोन शब्द, एक पश्चिम हिंदुस्थानातला आणि दुसरा पोर्तुगालातला, आणि दोघांची घराणी निराळी! आजचे कोशकारही दोन्ही बाजूंना मान देतात. इंग्रजीने शब्द उचलला तो गुजराती-मराठीतून, आणि पोर्तुगीज शब्दाने त्याला बळकटी दिली, असा सामान्यतः निर्णय आहे.

या दोन घराण्यांचा मूळ अर्थ निराळा आहे, आणि आमच्या मते सगळी मौज तेथेच आहे.

आधी आपले घराणे पाहू. संस्कृतात ‘टंक’ म्हणजे पाथरवटाची छिन्नी. तीच मराठीतील टाकी. जाते गुळगुळीत झाले, दळण भरड पडू लागले, म्हणजे पूर्वी दारावर येणाऱ्या माणसाकडून त्याला टाकी लावून घेत असत, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण तर सर्वांच्या तोंडी आहे. टंक म्हणजे ठसा उमटविलेले नाणे, म्हणून नाणी पाडण्याची ती टांकसाळ. यंत्रावर अक्षरे ठोकून लिहिण्याला आपण टंकलेखन म्हणू लागलो तेही याच शब्दावरून. या साऱ्या मंडळींत एक समान गोष्ट आहे: कठीण वस्तूवर घाव घालून काहीतरी कोरणे. तेव्हा टाके म्हणजे टाकीने दगडात कोरलेली पाण्याची जागा, ही व्युत्पत्ती मनाला पटते.

पोर्तुगीज घराण्यात छिन्नीचा संबंध नाही. ‘तांके’ हा शब्द ‘एश्तांकार’ या क्रियापदाकडे जातो, आणि त्याचा अर्थ वाहते पाणी अडविणे, थोपविणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील उभे राहण्याचा धातू आहे, आणि तो आपल्या संस्कृत ‘स्था’ या धातूचा सख्खा भाऊ होय. पळत्या पाण्याला ‘उभे राहा’ असे म्हणणे, हे पोर्तुगीज शब्दाचे मर्म.

म्हणजे एका इंग्रजी शब्दात पाणी साठविण्याच्या दोन रीती येऊन मिळाल्या आहेत: एक खोदण्याची, दुसरी अडविण्याची. महाराष्ट्राच्या नकाशावर या दोन्ही रीती जणू दोन टोकांना मांडून ठेवल्यासारख्या दिसतात.

पश्चिमेस सह्याद्री. तेथे काळा कठीण खडक, डोंगरमाथ्यावर पाऊस धो धो पडतो आणि घटकाभरात समुद्राकडे धावतो. तेथील माणसाने खडक कोरला. शिवनेरीवर गेलेल्यांनी गंगा-जमुना ही टाकी पाहिली असतील. कान्हेरी, जुन्नर, कुडा येथील लेण्यांत भिक्षूंसाठी पाण्याची टाकी कोरलेली आहेत, आणि ती कोणी दान केली हे शेजारी ब्राह्मी लिपीत लिहिलेले आहे. त्या प्राकृत लेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. लेणे आणि पोढी असे जोडीने दान देणाऱ्यांची नावे आज सुमारे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात. आपल्या पवनीतही जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला, आणि त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. त्या काळी दोन टोकांची ही दोन गावे एकच धर्म आणि एकच लिपी वापरीत होती. पाणी साठविण्याची रीत मात्र ज्या त्या मातीने ठरविली.

पूर्वेस आपली झाडीपट्टी. येथे वर्षाला सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पीक धानाचे. पाऊस इतका असताना तलाव कशाला, असे परगावचा मनुष्य विचारतो. त्याचे उत्तर धान देते. धानाला शेवटपर्यंत पाणी लागते. लोंबी भरण्याच्या दिवसांत, हस्ताच्या सुमारास, पावसाने दगा दिला तर हाताशी आलेले पीक जाते. म्हणून आषाढ-श्रावणात वाहून जाणारे पाणी आश्विनापर्यंत धरून ठेवावे लागते. येथील भूमी हलक्या उताराची. त्या उताराला आडवी मातीची पाळ घातली की वरच्या रानाचे पाणी तिच्यामागे उभे राहते. फाजील पाणी सांडव्यावरून निघून जाते, आणि गरजेचे पाणी पाटाने खालच्या बांध्यांत उतरते. गावासाठी केलेला तो तलाव. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेताच्या माथ्यावर केलेली ती बोडी. गोंड राजांच्या काळापासून या कामाला उत्तेजन मिळाले, आणि कोहळी समाजाने त्यात मोठा लौकिक मिळविला. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता, आणि तलावांचा जिल्हा ही त्याची ओळख होती.

इंग्रज अधिकारी येथे आले तेव्हा तलाव, बोडी, तळे या सर्वांना त्यांनी ‘टँक’ हे एकच नाव दिले. त्यात त्यांचा काही कावा होता असे आम्ही म्हणत नाही. परक्या माणसाला एका शब्दावर भागवावे लागते. पण त्यामुळे असे झाले की, सह्याद्रीतील कोरलेले टाके ज्या शब्दाचा बाप, तोच शब्द आपल्या मातीच्या पाळीमागे उभ्या राहिलेल्या पाण्याला चिकटला. खोदणाऱ्यांचा शब्द अडविणाऱ्यांच्या तलावावर जाऊन बसला.

हिंदुस्थानातून विलायतेस गेल्यावर शब्दाने आपले रूप पालटले. तेथे त्याची जमीन सुटली. पाणी, तेल किंवा कोणताही द्रव पदार्थ भरून ठेवण्याची बंद पेटी असा त्याचा अर्थ रूढ झाला. जहाजात टँक आले, आगगाडीच्या इंजिनात टँक आले. मग पहिले महायुद्ध उभे राहिले. खंदकांच्या लढाईत दोन्ही सैन्ये रुतून बसली, तेव्हा इंग्रजांनी १९१५ साली गुप्तपणे एक चिलखती गाडी तयार करावयास घेतली. प्रथम तिला ‘जमिनीवरचे जहाज’ असे म्हणत. पण त्या नावावरून शत्रूला सुगावा लागला असता. लिंकन येथील कारखान्यात पत्र्याचे ते प्रचंड धूड पाहणारांना असे भासविण्यात आले की, ही मेसापोटेमियाच्या वाळवंटासाठी पाणी वाहून नेणारी पेटी आहे. १९१५ च्या डिसेंबरात तिच्यासाठी ‘टँक’ हा लहान, चटकन उच्चारता येणारा शब्द ठरला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ती यंत्रे प्रथम चालून गेली. गुपित फुटले, पण खोटे नाव कायम राहिले. आपल्या मराठीने मात्र येथे उत्तम काम केले. तिने ‘रणगाडा’ हा आपला स्वतंत्र शब्द घडविला, आणि वाचणाऱ्याला पाण्याचा घोटाळा होऊ दिला नाही. पुढे सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तर येथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे कालव्याच्या पाण्याने भिजविलेल्या शेतांत रुतले आणि आपल्या जवानांनी ते टिपले. पाण्याचे नाव चोरून घेतलेल्या यंत्राला अखेर पाण्यानेच गाठले, असे कोणी म्हटले तर ती केवळ कोटी होणार नाही.

असा हा शब्द जगभर हिंडला. पण ज्या वस्तूपासून तो निघाला तिचे काय झाले? मुंबईचे उदाहरण घ्या. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींनी जेथून ‘छोडो भारत’चा संदेश दिला ते गोवालिया टँक मैदान सर्वांना ठाऊक आहे. गाईगुरांना पाणी पाजण्याचे ते तळे. आज तेथे ऑगस्ट क्रांती मैदान आहे, तळे नाही. सी. पी. टँक आहे, तळे नाही. धोबी तलाव आहे, तलाव नाही. शहर वाढले, नळाचे पाणी आले, तळी बुजली आणि नावे तेवढी बसच्या पाट्यांवर राहिली. नाव राहून वस्तू जाते ती अशी.

आपल्याकडे अजून वस्तू आहे. पवनीला बालसमुद्र आहे, आसपासच्या गावांत तलाव आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून जुने मालगुजारी तलाव साडेसहा हजारांहून अधिक मोजले गेले आहेत. पण त्यांची कथा १९५१ साली एका वळणावर आली. तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. मालगुजारी नष्ट करणारा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, आणि तलाव सरकारचे झाले. तो कायदा न्यायाचा होता याबद्दल आमच्या मनात शंका नाही. मालगुजाराच्या वाड्यावर वेठीस गेलेल्यांच्या नातवंडांना ते सांगावयास नको. परंतु तलावाची पाळ राखणे, सांडवा दुरुस्त करणे, पाणी केव्हा सोडावयाचे ते ठरविणे, ही जी रोजची कामे गावात चालत, त्यांचा धनी कोण हा प्रश्न मागे उरला. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. कागदावर त्यांचे नाव पडले ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि त्याचे लघुरूप झाले ‘मामा तलाव’. नाव मोठे प्रेमळ आहे. पण मामाच्या घरी भाचा सुटीपुरता जातो. त्या घराचे छप्पर शाकारण्याची जबाबदारी तो घेत नाही. तसेच काहीसे आपल्या हातून झाले. गाळ साचला, पोटातल्या जमिनीवर अतिक्रमणे झाली, बेशरमीची झुडपे माजली.

येथे आमच्या नक्कलनविसाची चूक पुन्हा आठवते. त्याने कागदावर तलावाची टाकी केली. आपण ती व्यवहारात केली नाही ना? टाकी म्हणजे एक पेटी. तिला भरणारा निराळा, वापरणारा निराळा. ती किती लिटरची एवढेच तिच्याबद्दल विचारावयाचे. तलाव पेटी नव्हे. वरचे रान, त्यातून येणारे ओहळ, पाळ, सांडवा, पाट, खालच्या बांध्या, पाण्यातले मासे, शिंगाडे आणि कमळे, काठावर येणारी पाखरे, हे सर्व मिळून तलाव होतो. त्यात ढिवरांची जाळी येतात, धुणे येते, गुरे येतात. जुन्या वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदांत गावकऱ्यांचे हे हक्क निस्तार म्हणून नोंदलेले असत. तलाव झिरपतो म्हणून विहिरींना पाणी असते. टाकी गळली तर ती नादुरुस्त. तलाव मात्र थोडा झिरपावाच लागतो. सरकारी इंग्रजीत ‘पर्कोलेशन टँक’ असा एक प्रकार आहे, आणि १९७२ च्या दुष्काळापासून असे अनेक तलाव महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून झाले. मराठीत त्याला ‘पाझर तलाव’ म्हणतात. पाझरणे हाच ज्याचा गुण, त्याला टाकी कसे म्हणावे?

म्हणून दुरुस्तीचा विचारही कोणत्या शब्दाने करतो याला महत्त्व येते. टाकी म्हणून पाहिले तर गाळ उपसला, खोली वाढली, की काम संपले. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने गाळ शेतात जाऊ लागला ही चांगलीच गोष्ट आहे. पण तलाव म्हणून पाहिले तर त्यापुढेही प्रश्न उरतात: वरचे ओहळ मोकळे आहेत काय? काठाचा उथळ भाग, जेथे मासे अंडी घालतात, तो शिल्लक ठेवला काय? गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढिवर समाजातील स्त्रियांनी अभ्यासकांच्या साहाय्याने बेशरम उपटून तलावात देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे माशांना अन्न व आसरा मिळेल. त्या स्त्रियांनी इंग्रजी कोश पाहिलेला नसेल. पण टाकी आणि तलाव यांतील भेद त्यांना आमच्यापेक्षा अधिक समजला आहे.

कोणी म्हणेल, आपल्या तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्दचे एवढे मोठे धरण झाले, ज्याची पायाभरणी १९८८ साली झाली. आता लहान तलावांचे काय एवढे? धरण आपल्या जागी मोठे आहे. पण कालव्याचे पाणी ज्या उंचवट्यावर चढत नाही तेथे बोडी उभी असते, आणि गावच्या विहिरीचा झरा गावच्या तलावाशीच बोलत असतो.

टाके, टँक, टाकी अशा प्रवासात या शब्दाला आणखी एक लेकरू झाले. ते म्हणजे टँकर. समुद्रावर तेल वाहणाऱ्या जहाजाचे ते नाव, आणि महाराष्ट्रात आज ते प्रत्येक उन्हाळ्यात ऐकू येते. आपल्या आजोबा-पणजोबांचा शब्द सातासमुद्रापार जाऊन चाकांवर बसून परत आला आहे, आणि गावाच्या वेशीवर हंडे-घागरींच्या रांगेपुढे उभा राहिला आहे. ज्या गावाचा तलाव जिवंत आहे त्याला हा पाहुणा बोलवावा लागू नये, इतके तरी आपल्या हातात आहे. व्याख्यानांचे हे दिवस वसंताचे, म्हणजे तलाव आटू लागण्याचे. पाळीवर कोठे घूस लागली, सांडवा कोठे खचला, ओहळ कोणी बुजविला, हे याच दिवसांत उघडे दिसते. सायंकाळी फिरावयास निघणारांनी आपल्या तलावाच्या पाळीवरून एक फेरी मारावी आणि दिसेल ते ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत सांगावे. एवढीच आमची विनंती आहे.

त्या गृहस्थांची नक्कल आम्ही तपासून परत केली. जेथे जेथे ‘टाकी’ होते तेथे तेथे खोडून ‘तलाव’ लिहिले. कागदावरचे काम पाच मिनिटांत झाले.